घरगुती डिस्टॉर्शन पेडल

घरगुती डिस्टॉर्शन पेडल हे विद्युत गिटारच्या संकेतात हेतुपुरस्सर विकृती निर्माण करणारे, हौशी वादकाने किंवा कारागिराने स्वतः जोडलेले पायदळी उपकरण आहे. ते गिटार आणि ध्वनिवर्धक यांच्या मध्ये जोडले जाते व पायाने दाबायच्या बटणाने चालू-बंद केले जाते. त्यातील मंडल बहुधा ९ व्होल्टवर चालते आणि त्यात साधारण वीस सुटे भाग असतात. ध्वनीचा स्वभाव यांपैकी मोजक्याच भागांवर अवलंबून असल्यामुळे ते बदलून एकाच पेडलमधून निरनिराळे ध्वनी मिळवता येतात.

इतिहास

विकृत ध्वनीचा वापर सुरुवातीला बिघाडातून पुढे आला. १९५८ सालच्या 'रंबल' या वाद्यरचनेसाठी लिंक रे या अमेरिकी गिटारवादकाने ध्वनिवर्धकाच्या स्पीकरच्या कागदी शंकूला छिद्रे पाडली होती. मार्टी रॉबिन्स यांच्या १९६१ सालच्या 'डोन्ट वरी' या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात मिश्रणयंत्राच्या एका वाहिनीतील दोषामुळे वाद्याचा आवाज फाटला. तो तसाच ठेवण्यात आला. त्या ध्वनिमुद्रणाचे अभियंता ग्लेन स्नॉडी यांनी पुढे हाच परिणाम ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने साधला. त्यातून १९६२ साली गिब्सन कंपनीचे 'माएस्ट्रो एफझेड-१ फझ-टोन' हे पेडल बाजारात आले. त्यात जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर होते. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यात ते वापरले गेल्यावर त्याला मोठी मागणी आली.

१९६६ साली लंडनमध्ये 'फझ फेस' आणि १९६९ च्या सुमारास न्यू यॉर्कमध्ये 'बिग मफ' तयार झाले. १९७० च्या दशकात ऑप-अँप ही एकात्मिक चकती स्वस्त झाली. 'एमएक्सआर डिस्टॉर्शन+', 'बॉस डीएस-१' (१९७८) आणि 'रॅट' ही पेडले याच काळातील आहेत. हौशी बांधणीत आजही प्रामुख्याने यांच्याच रचनांचे अनुकरण होते.

कार्यतत्त्व

गिटारच्या पिकअपमधून निघणारा संकेत साधारणतः काही दशांश व्होल्टचा असतो. पेडलमध्ये तो प्रथम अनेक पटींनी वाढवला जातो. त्यानंतर एकमेकांविरुद्ध दिशेने जोडलेले दोन डायोड ठरावीक व्होल्टतेच्या वर गेलेली तरंगाची शिखरे छाटतात. छाटलेल्या तरंगात मूळ स्वराच्या पटीतील वारंवारतेचे अधिस्वर निर्माण होतात. कानाला तोच ध्वनी खरखरीत, भरीव व लांबणारा वाटतो. दोन्ही बाजूंची छाटणी सारखी असल्यास विषम पटीचे अधिस्वर मिळतात. ती असमान असल्यास सम पटीचे अधिस्वरही मिसळतात.

डायोड संकेत व जमीन यांच्यामध्ये असल्यास छाटणी तीव्र होते. ते ऑप-अँपच्या प्रतिपुष्टी मार्गात असल्यास छाटणी सौम्य राहते. 'डिस्टॉर्शन+' व 'रॅट' ही पहिल्या प्रकाराची, तर 'ट्यूब स्क्रीमर' हे दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण आहे.

मंडल आणि बांधणी

पहिल्या बांधणीसाठी ७४१ या ऑप-अँपवर आधारित, 'डिस्टॉर्शन+' धर्तीचे मंडल सोयीचे ठरते. ९ व्होल्टची बॅटरी दोन समान रेझिस्टरांनी दुभागून ४.५ व्होल्टचा मध्यबिंदू मिळवला जातो. गिटारचा संकेत ०.०१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून ऑप-अँपच्या तिसऱ्या पायाला दिला जातो. सहाव्या पायापासून दुसऱ्या पायापर्यंत १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. दुसऱ्या पायापासून जमिनीपर्यंत ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ५०० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर एकसरीत असतात. हा पोटेन्शिओमीटर म्हणजेच विकृतीचे प्रमाण ठरवणारी कळ होय. ती एका टोकाला असता प्रवर्धन सुमारे ३ पट, तर दुसऱ्या टोकाला सुमारे २१३ पट होते. पुढे १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १० किलोओहमचा रेझिस्टर, छाटणीचे डायोड आणि आवाजाची कळ येते.

मंडल प्रथम ब्रेडबोर्डवर जुळवून ऐकले जाते व नंतर व्हेरोबोर्डवर सोल्डर केले जाते. धातूची पेटी जमिनीला जोडल्यास बाहेरील विद्युत गोंगाट रोखला जातो. ओतीव अॅल्युमिनियमची पेटी न मिळाल्यास जाड पत्र्याचा डबा चालतो. प्लास्टिकची पेटी वापरल्यास आतून धातूचा पातळ पत्रा लावून तो जमिनीला जोडावा लागतो. गिटारची वायर काढताच बॅटरी बंद व्हावी यासाठी आत येणाऱ्या बाजूला स्टिरिओ जॅक वापरण्याची प्रथा आहे.

प्रचलित बदल

डायोड: जर्मेनियम डायोड सुमारे ०.३ व्होल्टवर, १एन४१४८ सारखे सिलिकॉन डायोड सुमारे ०.६ व्होल्टवर आणि लाल एलईडी सुमारे १.७ व्होल्टवर वाहू लागतात. जर्मेनियमने ध्वनी मऊ पण दबका होतो. एलईडीने आवाज मोठा होतो व बोटांच्या जोरातील फरक अधिक स्पष्ट राहतो. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन डायोड लावल्यास छाटणी असमान होते.

खर्ज: वरील मंडलात विकृतीची कळ पूर्ण वाढवली असता सुमारे ७२० हर्ट्झखालील स्वरांचे प्रवर्धन कमी होत जाते. ०.०४७ ऐवजी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यास ही मर्यादा सुमारे ३४० हर्ट्झवर येते आणि ध्वनी भरदार होतो. ती फार खाली नेल्यास खर्जाचे स्वर मात्र एकमेकांत मिसळून अस्पष्ट होतात.

ऑप-अँप: ७४१ चा वेग मर्यादित असल्याने २१३ पट प्रवर्धनाला त्याची कार्यक्षमता सुमारे ५ किलोहर्ट्झच्या आतच घटू लागते. त्याच्या जागी त्याच पायांची टीएल०७१ चकती बसवल्यास ध्वनी अधिक टोकदार होतो. चकती थेट सोल्डर न करता आठ पायांच्या सॉकेटमध्ये बसवल्यास अशी अदलाबदल सोपी जाते.

सुटे भाग व पुणे जिल्ह्यातील परिस्थिती

महाराष्ट्रात इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांसाठी मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यातील बुधवार पेठेचा पासोड्या विठोबा व तपकीर गल्लीचा परिसर प्रसिद्ध आहे. भोरहून कापूरहोळमार्गे आणि वेल्ह्याहून (राजगड तालुका) नसरापूरमार्गे पुणे–सातारा महामार्गाने ही पेठ गाठता येते. एका रेझिस्टरसाठी एवढा प्रवास परवडत नसल्याने संपूर्ण यादी आधीच करणे व प्रत्येक भाग दोन-तीन जास्तीचे घेणे इष्ट ठरते. १एन४१४८ डायोड, बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि एलईडी हे सर्वसाधारण दुरुस्तीकामातले भाग असल्याने त्यांवर आधारलेले मंडल ग्रामीण भागात दुरुस्त करणे तुलनेने सोपे असते.

जुने ट्रान्झिस्टर रेडिओ हा दुसरा महत्त्वाचा स्रोत आहे. त्यांत ओए७९ हा जर्मेनियम डायोड व एसी१२८ हा जर्मेनियम ट्रान्झिस्टर आढळतो. एसी१२८ 'फझ फेस'च्या काही आवृत्त्यांतही वापरला गेला होता. त्यामुळे भंगारात निघालेला रेडिओ मोडीत घालण्यापूर्वी हे भाग काढून ठेवले जातात. उष्णतेने ते लवकर खराब होत असल्याने सोल्डर काढताना त्यांचा पाय चिमट्याने धरून उष्णता शोषून घ्यावी लागते.

भोरचा पश्चिम भाग व वेल्हे तालुका सह्याद्रीच्या रांगांत असून तेथे पावसाळ्यात हवा दमट राहते. दमटपणामुळे जॅक, बटणे व पोटेन्शिओमीटर यांच्या संपर्कपृष्ठांवर क्षार चढतो आणि कळ फिरवताना खरखर ऐकू येते. झाकणबंद पोटेन्शिओमीटर वापरणे व पेडल कोरड्या डब्यात ठेवणे हे त्यावरचे उपाय आहेत. घरातील अर्थिंग सदोष असल्यास ५० हर्ट्झची घरघर ऐकू येते. पेडल बॅटरीवर चालवून पाहिल्यास दोष पेडलच्या अॅडाप्टरचा आहे की अन्य जोडणीचा, हे ओळखता येते.

दोषशोधन व सुरक्षितता

पेडल मुके राहिल्यास मल्टिमीटरने ऑप-अँपच्या सातव्या पायावर सुमारे ९ व्होल्ट आणि सहाव्या पायावर त्याच्या जवळपास निम्मे व्होल्ट आहेत का, हे प्रथम पाहिले जाते. हे आकडे बरोबर असल्यास दोष बहुधा जॅक, बटण किंवा कच्च्या सोल्डरमध्ये असतो. अॅडाप्टरची ध्रुवता उलटी झाल्यास चकती जळते. ते टाळण्यासाठी विद्युतमार्गात १एन४००१ डायोड जोडतात.

९ व्होल्टच्या मंडलापासून विजेचा धक्का बसण्याचा धोका नसतो. निर्वात नळ्यांच्या ध्वनिवर्धकात मात्र वीज बंद केल्यावरही कपॅसिटरांमध्ये प्राणघातक व्होल्टता साठून राहू शकते. त्यामुळे पेडल बांधण्याचा अनुभव असा ध्वनिवर्धक उघडण्यास पुरेसा नाही. शिसेयुक्त सोल्डर वापरताना खोली हवेशीर ठेवणे आणि काम संपल्यावर हात धुणे आवश्यक असते.