एका षड्जावरच्या दोघी बहिणी

ब्राझील देशांतील सर्जिओ आणि ओडेर असाद या सख्ख्या भावांनीं पन्नासांहून अधिक वर्षें गिटारीची जोडी वाजविली. आस्तोर पियाझोलासारख्या संगीतकारानें खास त्यांच्यासाठीं रचना केली. त्यांची हकीकत वाचतांना आम्हांस आपल्याकडील एका जोडीचें स्मरण झालें. आमच्या धरणगांवीं कवितेचा विषय निघाला, तर १८९० सालीं येथेंच जन्मलेल्या बालकवींचें नांव आम्ही अभिमानानें घेतों. गाण्याचा विषय निघाला, कीं मात्र आम्हांला मिरजेकडे पाहावें लागतें. हिराबाई बडोदेकर (१९०५) व सरस्वतीबाई राणे (१९१३) या दोघी बहिणी तेथल्याच.

वडील किराणा घराण्याचे अध्वर्यु अब्दुल करीम खाँ. आई ताराबाई माने. मातापित्यांची ताटातूट झाली, तेव्हां पांचही मुलें आईबरोबर गेलीं आणि त्यांचीं नांवेंहि बदललीं. धाकटी सकीना ती सरस्वती झाली. वडिलांचें छत्र गेलें, परंतु वडिलांचा स्वर घरांतच राहिला. थोरले बंधु सुरेशबाबू यांनीं बहिणींना शिकविलें; पुढें हिराबाईंनींहि धाकटीला तालीम दिली. गुरु आणि बहीण हीं दोन्ही नातीं एकाच व्यक्तीशीं असणें किती अवघड, हें ज्यांच्या घरीं थोरल्या बहिणीनें धाकटीचा अभ्यास घेतला असेल, त्यांना सांगावयास नको.

हिराबाईंचें कार्य सुप्रसिद्ध आहे. कुलीन स्त्रीनें लोकांपुढें गाणें हेंच जेव्हां संशयाचें होतें, तेव्हां तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या गायिकांत त्यांची गणना होते. सरस्वतीबाई लहानपणींच रंगभूमीवर आल्या. पुढें 'रामराज्य' (१९४३) या चित्रपटांतील त्यांच्या गाण्यानें देशभर नांव झालें. म्हणजे धाकटीस स्वतःची कीर्ति होती. थोरलीच्या मागें तंबोरा घेऊन बसण्याचें कारण नव्हतें. तरीहि ती तिच्या शेजारीं बसली, आणि दोघींच्या जुगलबंदीच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. स्त्रियांच्या ख्यालगायनांत ही प्रथा पाडणाऱ्यांत या दोघी अग्रणी होत.

येथें असादबंधूंशीं असलेला भेद ध्यानांत घ्यावा. गिटारीच्या जोडीपुढें बहुधा लिहिलेलें स्वरलेखन असतें. कोणी कोठें थांबावें, हें आधींच ठरलेलें असतें. ख्यालांत तसें नाहीं. एकीनें आलाप कोठें सोडला, तें दुसरीनें त्याच क्षणीं ओळखून तेथूनच उचलावयाचा. उतावीळपणा झाला तर तो आलाप हिसकावला जातो, उशीर झाला तर मैफल पांगळी होते. शिवाय दोघींना एकच षड्ज मानवला पाहिजे. पुरुष व स्त्री यांच्या जुगलबंदींत हीच अडचण पडते. कोणातरी एकास आपली पट्टी सोडावी लागते. या बहिणींत ती अडचण नव्हती, आणि तालीमहि एकाच घरची.

किराणा घराण्यांत स्वर सावकाश, एकेक करून उलगडतात. तेथें चढाओढीला फारसा वाव नाहीं. आजच्या कांहीं जुगलबंद्यांत श्रोते कोण जिंकला याचा हिशेब करीत बसतात, तें आम्हांस रुचत नाहीं. या दोघींचें गाणें ऐकतांना तो हिशेब सुचत नाहीं. मात्र पुस्तकांतून हिराबाईंना प्रकरण मिळतें आणि सरस्वतीबाईंना बहुधा परिच्छेद, ही गोष्ट आम्हांस खटकते.

हिराबाई १९८९ सालीं गेल्या. सरस्वतीबाई त्यानंतर सतरा वर्षें होत्या. १९१३ सालीं मिरजेंत सुरू झालेलें त्यांचें आयुष्य २००६ सालीं पुण्यास संपलें.