बडतर्फ, पदच्युत, खालसा : सत्तेवरून उतरवण्याचे शब्द

मागच्या वेळी आपण सत्ता देण्याच्या शब्दांबद्दल बोललो : अभिषेक, वस्त्रं, शिक्के-कट्यार. आज उलट्या बाजूला जाऊ. दिलेली सत्ता काढून घेताना मराठी माणूस काय म्हणतो?

रोजच्या बातम्यांत हे शब्द भरपूर सापडतात. मंत्र्याची उचलबांगडी होते, बंडखोराची हकालपट्टी होते, अध्यक्षांची गच्छंती अटळ असते. ‘गच्छन्ति’ म्हणजे संस्कृतात ‘ते जातात’, बस्स. कोणी घालवलं, हा प्रश्नच त्या शब्दात नाही! आणि बघा, माणूस बहुधा पायउतार ‘होतो’, पण बडतर्फ त्याला कोणीतरी ‘करतं’. हा होणं-करणं फरक आज मला महत्त्वाचा वाटतो.

‘बडतर्फ’ मूळचा फारसी, ‘बर तरफ’, म्हणजे बाजूला. हा चाकरीतला शब्द आहे. त्यात एक धनी गृहीत आहे आणि एक चाकर. ‘पदच्युत’ संस्कृत आहे, च्युत म्हणजे पडलेला, ढळलेला. (विष्णूला अच्युत म्हणतात ते याच अर्थानं, जो ढळत नाही तो.) म्हणजे चाकर बडतर्फ होतो, राजा पदच्युत होतो. ऐकायला नुसता मानाचा फरक वाटेल. तसा तो नाही.

पेशवाईतलं एक उदाहरण घेऊ. 1773 च्या ऑगस्टमध्ये नारायणरावांचा खून झाला आणि रघुनाथराव पेशवे झाले. बारभाईंना त्यांना दूर करायचं होतं. पण पेशवा हा कागदोपत्री छत्रपतींचा प्रधान. त्याला नाना फडणवीस आणि सखारामबापू कसे काढणार? मग वाट कशी काढली, तर 1774 मध्ये नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई प्रसूत होऊन मुलगा झाला आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बाळाच्या नावे साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं आणली. वस्त्रं दुसऱ्याला मिळाली, की पहिल्याचं पद गेलंच.

आता साताऱ्याच्याच गादीकडे येऊ. वस्त्रं देणारी ही गादी. तिच्यावर बसलेल्या माणसाला कोण काढणार?

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि कंपनीनं प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचं राज्य दिलं. ‘दिलं’ हा कंपनीचा शब्द. महाराजांच्या दृष्टीनं राज्य शिवछत्रपतींचं, त्यांचं स्वतःचंच होतं. 1819 चा तह झाला, त्यात कंपनीचं वर्चस्व मान्य केलेलं होतं. पुढे जहागीरदारांवर हुकूम कोणाचा, यावरून खटके उडू लागले. मग आरोप आले : महाराजांनी कंपनीच्या पलटणीतले देशी अंमलदार फितवले, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार केला.

1839 च्या ऑगस्टमध्ये मुंबईचा गव्हर्नर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्याला आला. त्याची अट सोपी होती. चूक कबूल करणाऱ्या कागदावर सही करा, गादी राहील. महाराज म्हणाले, चौकशी करा, पुरावा समोर ठेवा, पण न केलेल्या गोष्टीवर सही करणार नाही. सप्टेंबरात त्यांना गादीवरून काढून काशीला पाठवलं आणि धाकटे बंधू शहाजी, म्हणजे आप्पासाहेब, यांना बसवलं. महाराज 1847 मध्ये काशीतच वारले.

इथे जरा थांबू या. राजा स्वतंत्र असेल, तर कंपनीनं त्याच्याशी लढाई करायला हवी होती. तो चाकर असेल, तर निदान चाकराची तरी चौकशी व्हायला हवी होती. आज साध्या सरकारी कारकुनालासुद्धा घटनेच्या 311 व्या कलमाचं संरक्षण आहे. आरोप कळवल्याशिवाय आणि म्हणणं मांडू दिल्याशिवाय सहसा त्याला बडतर्फ करता येत नाही. प्रतापसिंहांना राजाचाही मान मिळाला नाही आणि कारकुनाचा हक्कही नाही. हाच गाऱ्हाण्याचा मुद्दा घेऊन रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. 1853 पर्यंत, म्हणजे तेरा-चौदा वर्षं, तिथे खेटे घालत राहिले. धनी वारल्यानंतरही! हाती काही लागलं नाही.

तोवर साताऱ्याच्या वाट्याला तिसरा शब्द आला. 1848 मध्ये आप्पासाहेब वारले, त्यांनी घेतलेला दत्तक डलहौसीनं नामंजूर केला आणि राज्य खालसा झालं. ‘खालसा’चं मूळ अरबी ‘खालिस’, म्हणजे शुद्ध, निर्भेळ. मोगलाईत ज्या जमिनीचा वसूल मध्ये कोणी जहागीरदार न ठेवता थेट बादशाही खजिन्यात जाई, ती खालसा. म्हणजे कंपनीच्या हिशेबात छत्रपती हे मधले जहागीरदार ठरले. माझ्या मते या शब्दातला अपमान ‘पदच्युत’पेक्षा मोठा आहे, पण आपण तो इतक्या सहज वापरतो की टोचत नाही.

शेवटचं उदाहरण बडोद्याचं. 1874 मध्ये रेसिडेंट फेअरला सरबतातून विष घातल्याचा आरोप मल्हारराव गायकवाडांवर आला. या वेळी मात्र चौकशी झाली. सहा जणांचं कमिशन, तीन इंग्रज आणि तीन हिंदी. त्यात ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे होते, जयपूरचे महाराज होते, दिनकरराव होते. मतं पडली तीन विरुद्ध तीन. हिंदी सभासदांपैकी कोणीही आरोप सिद्ध झाला असं म्हटलं नाही.

तरीही एप्रिल 1875 मध्ये मल्हाररावांना काढलंच. जाहीरनाम्यात कारण मात्र विषाचं नव्हतं, गैरकारभाराचं होतं. त्यांना मद्रासला धाडलं. पण बडोदं खालसा केलं नाही, कारण 1857 नंतर ते धोरण सरकारनं सोडलं होतं. खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईंना दत्तक घेऊ दिला आणि नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा मुलगा सयाजीराव होऊन गादीवर बसला. म्हणजे तोवर ‘खालसा’ मागे पडला होता आणि ‘पदच्युत’ शिल्लक होता.

‘राजीनामा’ आज राहिला. फारसीत राजी असल्याचा कागद तो राजीनामा, आणि मुंबई इलाख्यात कुळानं जमीन सोडताना तो लिहून द्यायची रीत होती. राजी नसलेल्यांनी दिलेल्या राजीनाम्यांबद्दल पुढच्या वेळी बोलू.