सोस्यूरची पेटी आणि उन्हातली मोटार

उन्हात उभ्या असलेल्या मोटारीचे दार उघडले की अंगावर येणारी धग सर्वांच्या परिचयाची आहे. या धगीचा अभ्यास मात्र मोटारीच्या जन्माआधी शंभराहून अधिक वर्षे सुरू झाला होता!

काचेची तावदाने असलेली खोली किंवा घोडागाडी उन्हात फार तापते, ही साधी गोष्ट जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या निसर्गशास्त्रज्ञाला विचार करण्याजोगी वाटली. १७६७ साली त्याने एकात एक बसणाऱ्या पाच काचपेट्या काळ्या टेबलावर उन्हात ठेवल्या. सर्वांत आतल्या पेटीत पारा सुमारे ८८ अंश सेल्सिअसपर्यंत चढला. पुढे त्याने लाकडी पेटीला आतून काळे बूच लावले आणि वर काचेची तीन झाकणे बसवली. त्या पेटीतले तापमान १०० अंशांच्याही पुढे गेले.

१७७४ मध्ये ही पेटी घेऊन तो आल्प्समधील क्रामों शिखरावर चढला. बाहेर हवा जेमतेम ६ अंशांवर, पण पेटीत सुमारे ८८ अंश! दुसऱ्या दिवशी सुमारे दीड हजार मीटर खाली, २४-२५ अंशांच्या हवेत तीच पेटी सुमारे ८६ अंशांवर गेली. म्हणजेच पेटी तापते ती बाहेरच्या हवेमुळे नव्हे, तर उन्हामुळे.

असे का होते? १८२४ साली फूरिये या गणितज्ञाने सोस्यूरच्या पेटीचा दाखला देऊन म्हटले, की प्रकाश काचेतून सहज आत येतो, पण तापलेल्या वस्तूंपासून निघणारी अदृश्य उष्णता तितक्या सहज बाहेर पडत नाही. १९०९ साली अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड याने ही गोष्ट पडताळून पाहिली. एका पेटीला काचेचे आणि दुसरीला अवरक्त किरण पार जाऊ देणारे सैंधवाचे झाकण लावून त्याने त्या उन्हात ठेवल्या. दोन्हींच्या तापमानांत फारसा फरक पडला नाही. तापलेली हवा आत कोंडली जाते, हेच मुख्य कारण होते.

मग मोटारीची काच थोडी खाली ठेवली तर? २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २२ ते ३६ अंश तापमानाच्या १६ निरभ्र दिवशी मोटार उन्हात उभी करून पाहिली. तासाभरात आतले तापमान सरासरी २२ अंशांनी वाढले. त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच सुमारे चार सेंटिमीटर उघडी ठेवूनही उपयोग झाला नाही. ऊन ज्या वेगाने उष्णता ओतते, त्या वेगाने एवढ्याशा फटीतून ती बाहेर पडू शकत नाही.

लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते. त्यामुळे त्याचे शरीर प्रौढांपेक्षा लवकर तापते. अमेरिकेत १९९० च्या दशकात हवेच्या सुरक्षा-पिशव्यांचा धोका टाळण्यासाठी मुलांना मागच्या आसनावर बसवण्याची पद्धत रूढ झाली. एक धोका टळला, पण मागे झोपी गेलेले मूल चालकाच्या नजरेआड झाले. १९९८ पासून तेथे दरवर्षी सरासरी ३७ च्या आसपास मुले तापलेल्या मोटारीत दगावली आहेत. त्यांतली निम्म्याहून अधिक विसरली गेलेली होती.

आपल्याकडे मुले खेळता खेळता मोटारीत शिरतात आणि अडकतात. मे २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील विजयनगरम जिल्ह्यात अशीच चार मुले मृत्यू पावली. अशा बातम्यांत बहुधा ‘गुदमरून मृत्यू’ असे लिहिलेले असते. त्यामुळे फट ठेवली की मूल सुरक्षित आहे, असा घातक समज होतो. खरा शत्रू उष्णता आहे.

वर्गात दोन खोकी, एक काच आणि दोन तापमापी घेऊन सोस्यूरचा प्रयोग जरूर करावा. एका खोक्यावर काच ठेवावी, दुसरे उघडे ठेवावे. प्रत्यक्ष मोटारीत मात्र कोणालाही बसवू नये. उभी मोटार नेहमी कुलूपबंद ठेवावी, किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नये. ‘पाच मिनिटांसाठी’ म्हणूनही मुलाला आत ठेवू नये. शाळेच्या गाडीतील शेवटचे मूल उतरल्यावर चालकाने प्रत्येक आसन पाहूनच दार लावावे. अडकल्यास हॉर्न वाजवत राहायचे, हे मुलांना शिकवावे. आणि मूल हरवले, तर आधी जवळपासच्या मोटारी पाहाव्यात.