विरुद्ध मत : एक

पुणे सोडून आम्हांस आता एकोणतीस वर्षे झाली. केंद्र सरकारच्या नोकरीने पाच राज्यांचे पाणी पाजले. परंतु 'मंडई' हा शब्द कानी पडला की आजही डोळ्यांपुढे उभी राहते ती शुक्रवार पेठेतील उंच मनोऱ्याची दगडी इमारत. लहानपणी आजीचे बोट धरून तेथे जाताना महात्मा फुले हे नाव आम्ही अक्षर लावून वाचत असू. ज्यांचे हे नाव, त्यांचाच ती इमारत बांधण्यास विरोध होता, हे मात्र फार उशिरा, नोकरीला लागल्यावर, वाचनात आले. सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काही ऐतिहासिक लिहा, अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हा किल्ले आणि लढाया सोडून हाच विषय का घेतला, ते ओघाने येईलच.

पुण्याची नगरपालिका १८५७ साली स्थापन झाली. १८८१ च्या शिरगणतीत शहराची वस्ती लाखाच्या आसपास होती. म्हणजे आजच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. रस्ते, दिवे, पाणी, झाडलोट एवढाच कारभार आणि त्यासाठी मुख्य उत्पन्न जकातीचे. नाक्यावरून माल आत येई, त्यावर पैसा बसे, आणि त्या पैशातून शहराची सोय होई. सभासद निवडून येत नसत. सरकार त्यांची नेमणूक करी. सरकारने नेमलेल्या माणसाने सरकारच्या मनाविरुद्ध बोलावे, ही अपेक्षा तेव्हा कोणाची नव्हती. (आजही ती फारशी नसते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.)

अशा सभेत १८७६ साली जोतीराव फुले सभासद म्हणून आले आणि १८८२ पर्यंत राहिले. मुलींची शाळा काढणारे आणि सत्यशोधक समाज स्थापन करणारे जोतीराव सर्वांस ठाऊक आहेत. ठेकेदार जोतीराव फारसे कोणी आठवत नाही. खडकवासल्याच्या धरणाच्या कामावर त्यांनी ठेके घेतले होते. घडीव दगडाचा भाव काय, मजुराच्या हाती प्रत्यक्ष किती पडते, हे त्यांस जाग्यावरचे ठाऊक होते. तेव्हा त्यांचा विरोध हा बांधकामाची माहिती नसलेल्या माणसाचा विरोध नव्हता, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. धरण आणि बंधारे बांधू नयेत असे ते कधीच म्हणाले नाहीत. उलट 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जागोजाग बंधारे घालून पाणी व माती अडवावी, असाच त्यांचा आग्रह आहे.

त्यांच्या सभासदत्वाच्या काळातील एक प्रसंग चरित्रकारांनी नोंदवून ठेवला आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीनिमित्त शहर शृंगारण्यासाठी एक हजार रुपये खर्चावेत, असा प्रस्ताव अध्यक्षांनी मांडला. जोतीरावांचे म्हणणे असे की, ही रक्कम गोरगरिबांच्या शिक्षणासाठी खर्च व्हावी. बत्तीस नियुक्त सभासदांपैकी विरुद्ध मत पडले ते त्यांचे एकट्याचे. १८८० साली शहरातील दारूच्या दुकानाविरुद्धही त्यांनी नगरपालिकेस लेखी कळविले. एकीकडे लोकांच्या आरोग्यावर पैसा खर्चावयाचा आणि दुसरीकडे त्यांच्या दारी गुत्ता येऊ द्यावयाचा, ही विसंगती त्यांस पटण्यासारखी नव्हती.

मंडईचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. शहराचा भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यापुढील मैदानात, उघड्यावर भरत असे. ऊन, पाऊस आणि चिखल यांतून त्याची सुटका करावी, हा नगरपालिकेचा विचार गैर होता असे कोण म्हणेल? तरीही एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा तो शिक्षणाकडे वळवावा, असे जोतीरावांचे मत होते. ते मानले गेले नाही. १८८६ साली बाजार उघडला आणि त्यास गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे त्या इमारतीने पुण्यास भाजी पुरविली. आमच्या आजीची निम्मी हयात तेथील घासाघिशीत गेली. जोतीराव त्या बाबतीत बरोबर होते असे आम्ही छातीठोकपणे सांगणार नाही. पण स्वतः भाजीचा व्यापार जाणणारा मनुष्य भाजीसाठीच बांधावयाच्या इमारतीस 'नको' म्हणतो, तेव्हा त्याच्या नजरेपुढे गिऱ्हाईक नसून नाक्यावर जकात भरणारा शेतकरी आणि त्याचे शाळेबाहेरचे मूल असले पाहिजे. शेतकऱ्यावरील जकातीच्या ओझ्याची तक्रार 'असूडा'त आहेच.

१८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याविषयीचा ठराव प्रसिद्ध झाला. १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांत निवडणुकीचे तत्त्व विस्तारले. पुढे १८९५ मध्ये टिळक सभासद झाले. १९०२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले अध्यक्ष झाले. सभासदांनी प्रश्न विचारावेत आणि सभेचे कामकाज छापून लोकांपुढे यावे, या प्रथा त्यांनी घातल्या. आमच्यासारख्या फायलींत जन्म घालविलेल्या माणसास गोखल्यांची ही कामगिरी त्यांच्या अंदाजपत्रकावरील भाषणांइतकीच मोठी वाटते. कादंबरीकार हरिभाऊ आपटे यांनीही त्या खुर्चीवर बसून गटारांचे आणि दिव्यांचे प्रश्न सोडविले, हे मराठी वाचकास सहसा माहीत नसते.

१९२५ साली जोतीरावांचा पुतळा उभारण्याचा ठराव याच नगरपालिकेपुढे आला. त्यावरून शहरात जे वादळ उठले त्याच्या कडवट खुणा त्या काळच्या पत्रकांत सापडतात. ठराव काही पार पडला नाही. त्यानंतर तेरा-चौदा वर्षांनी, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना, त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचे नाव बदलले आणि मंडईवर जोतीरावांचे नाव लागले.

आता हा विषय का घेतला ते सांगतो. मागील सर्वसाधारण सभेत आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाचे अंदाजपत्रक मांडले गेले. मंडप, रोषणाई, पाहुणे कलाकार, भोजन अशा रकमा वाचून झाल्या. तेव्हा मागच्या रांगेतील एक वयोवृद्ध काकू उभ्या राहिल्या. रविवारचा मराठी वर्ग बंद पडून तीन वर्षे झाली, नातवंडांना आजीचे पत्र वाचता येत नाही. आधी शिक्षिकेचे मानधन काढा आणि उरेल त्यात दिवे लावा, असे त्या म्हणाल्या. थोडे हसू झाले. हात वर करावयास सांगितले गेले. विरुद्ध एकच हात होता. आमचा हात कोणत्या बाजूस होता ते विचारू नये.

इतिवृत्त लिहिण्याचे काम आमच्याकडे होते. सरावलेल्या लेखणीने आम्ही लिहिले : 'ठराव सर्वानुमते मंजूर.' पुढील सभेत इतिवृत्त कायम करण्याचा विषय येईल, तेव्हा ती ओळ दुरुस्त करावी अशी सूचना आम्हीच मांडणार आहोत. काकूंना विचारून आलो. त्या म्हणाल्या, "नाव घातलं नाहीत तरी चालेल हो भाऊ, मी काय म्हणाले तेवढं नीट लिहा."