हार्ड डिस्क सापडत नाही? आधी कंट्रोलरचा ड्रायव्हर पाहा!

विंडोज एक्सपीची सीडी संगणकात घातली, निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे सरकू लागली आणि काही मिनिटांतच ‘या संगणकात एकही हार्ड डिस्क आढळली नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश झळकला, की भलेभले गोंधळून जातात. कुणी डिस्क बदलण्याचा सल्ला देतो, तर कुणी मदरबोर्डवर खापर फोडतो. प्रत्यक्षात अशा प्रसंगी डिस्क बहुधा ठणठणीत असते आणि तीवरील माहितीही सुरक्षित असते. उणीव असते ती डिस्क व विंडोज यांच्यातील दुभाष्याची. हा दुभाषा म्हणजे स्टोरेज कंट्रोलरचा ड्रायव्हर. तो नेमका कोणता आणि कसा बसवावा, याची ही माहिती.

एक्सपीला मायक्रोसॉफ्टने दिलेला आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. तरीही ही प्रणाली पुन्हा बसवण्याची वेळ काहींवर येतेच. छापखान्यातील पेजमेकरच्या व युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमधील जुन्या फायली, कारखान्यातील यंत्राला किंवा प्रयोगशाळेतील उपकरणाला जोडलेला संगणक, दुकानाचे जुने हिशेब ही त्याची नेहमीची कारणे. अशा ठिकाणी डिस्कवर वर्षानुवर्षांचे काम साठलेले असते. घाईने घेतलेला चुकीचा निर्णय तेथे फार महागात पडतो.

कंट्रोलर म्हणजे काय?

हार्ड डिस्क थेट प्रोसेसरशी बोलत नाही. मदरबोर्डवरील चिपसेटमध्ये असलेला कंट्रोलर हा दोघांमधील व्यवहार सांभाळतो. एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली, तेव्हा घरगुती संगणकांत रुंद, चपट्या केबलने जोडलेल्या आयडीई डिस्कचे राज्य होते. त्या कंट्रोलरचे ड्रायव्हर एक्सपीच्या सीडीतच होते. त्यामुळे सर्वसामान्य वापरकर्त्याला हा विषय ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

२००३ च्या सुमारास अरुंद केबलच्या साटा डिस्क आल्या आणि २००४ मध्ये एएचसीआय हे त्यांच्याशी संवाद साधण्याचे नवे प्रमाण जाहीर झाले. डिस्कला एकाच वेळी ३२ आज्ञांची रांग देणे आणि संगणक सुरू असताना डिस्क जोडणे-काढणे या सोयी त्यातून मिळाल्या. एक्सपी मात्र या प्रमाणाच्या आधी जन्मलेली. २००८ च्या सर्व्हिस पॅक ३ मध्येही एएचसीआयचा ड्रायव्हर समाविष्ट झाला नाही. तो प्रथम मिळाला जानेवारी २००७ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या विंडोज व्हिस्टामध्ये. व्हिस्टासह घेतलेल्या लॅपटॉपवर पुन्हा एक्सपी बसवू पाहणाऱ्यांना ही अडचण तेव्हा मोठ्या प्रमाणावर जाणवली, कारण त्या लॅपटॉपमध्ये एएचसीआय सुरू होते आणि फ्लॉपी ड्राइव्ह नव्हता.

सीडी चालते, मग डिस्क का दिसत नाही?

बायोसमध्ये डिस्कचे नाव व क्षमता दिसते, मग विंडोजलाच ती का दिसू नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे. संगणक सुरू होताच पहिली काही पावले बायोसच्या मदतीने टाकली जातात. विंडोजचा गाभा आणि सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर बायोसच स्मृतीत आणून देतो. एकदा गाभ्याने ताबा घेतला, की बायोसचा मध्यस्थ बाजूला होतो. त्यानंतर डिस्कवरील प्रत्येक अक्षर वाचण्यासाठी विंडोजला स्वतःचा ड्रायव्हर लागतो.

तो सीडीत नसेल, तर वरील संदेश येतो. आधीच बसवलेल्या विंडोजला तो मिळाला नाही, तर निळा पडदा येतो आणि त्यावर ‘७बी’ने संपणारा स्टॉप संकेतांक दिसतो. ज्या डिस्कवरून संगणक सुरू व्हायचा तिच्यापर्यंत पोहोचता आले नाही, एवढाच त्याचा अर्थ. खराब डिस्क, सैल केबल किंवा बिघडलेली फाइल प्रणाली यांमुळेही हा संकेतांक येऊ शकतो. म्हणून बायोसमध्ये डिस्क दिसते की नाही, हे प्रथम पाहावे. तेथेच ती दिसत नसेल, तर केबल व डिस्क तपासावी. तेथे दिसते आणि विंडोजला दिसत नाही, तर संशयाची सुई ड्रायव्हरकडे वळवावी.

सुरुवात करण्यापूर्वी

डिस्कवर काही कामाचे असेल, तर आधी त्याची प्रत काढावी. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून किंवा लिनक्सच्या लाइव्ह सीडीवरून संगणक सुरू करून हे करता येते. शक्य असल्यास जुनी डिस्क बाजूला ठेवून नव्या डिस्कवरच प्रयोग करावा. बाकीच्या सर्व डिस्क व पेन ड्राइव्ह काढून ठेवावेत. एक्सपीच्या सेटअपमध्ये ‘डी’ ही कळ विभाग पुसण्यासाठी असते, हे विसरू नये.

त्यानंतर कंट्रोलरची ओळख पटवावी. संगणकावर विंडोज चालू असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कंट्रोलरच्या गुणधर्मांतील ‘डिटेल्स’ या पानावर हार्डवेअर आयडी दिसतो. त्यातील पहिला चार अंकाक्षरांचा संकेतांक उत्पादकाचा. ८०८६ म्हणजे इंटेल, १००२ म्हणजे एटीआय-एएमडी, १०डीई म्हणजे एनव्हिडिया आणि ११०६ म्हणजे व्हीआयए. दुसरा संकेतांक विशिष्ट कंट्रोलरचा. उदाहरणार्थ, ८०८६ नंतर २९२९ असेल, तर तो इंटेलच्या लॅपटॉपसाठीच्या आयसीएच ९ एम चिपमधील एएचसीआय कंट्रोलर होय. ड्रायव्हर याच संकेतांकाशी जुळणारा आणि आपल्या विंडोजप्रमाणे ३२ किंवा ६४ बिटचा असावा लागतो.

जुन्या चिपसेटचे ड्रायव्हर काही उत्पादकांनी आपल्या संकेतस्थळांवरून काढून टाकले आहेत. म्हणून मदरबोर्डसोबत आलेली सीडी जपून ठेवणे हिताचे.

मार्ग पहिला : बायोसमध्ये बदल

हा सर्वांत सोपा मार्ग. बायोसमधील साटा मोड ‘एएचसीआय’वरून ‘आयडीई’वर आणावा. काही संगणकांत याला ‘कम्पॅटिबल’, ‘लेगसी’ किंवा ‘एटीए’ असेही म्हटलेले असते. या रीतीत कंट्रोलर जुन्या आयडीईसारखा वागतो आणि एक्सपीला आपल्या ओळखीची भाषा ऐकू येते. आज्ञांची रांग व चालू संगणकात डिस्क बदलण्याची सोय यांवर पाणी सोडावे लागते. पण जुन्या फायली उघडण्याएवढेच काम असेल, तर दैनंदिन वापरात फरक फारसा जाणवत नाही.

दोन सावधगिरी आवश्यक आहेत. त्याच डिस्कवर एएचसीआयमध्ये बसवलेली दुसरी विंडोज असेल, तर मोड बदलल्यावर ती सुरू होण्याचे नाकारू शकते. माहिती पुसली गेलेली नसते, मोड पूर्ववत केला की ती पुन्हा सुरू होते. दुसरे असे, की मोड ‘रेड’ असेल आणि अनेक डिस्कचा एकत्रित संच केलेला असेल, तर त्याला हात लावू नये. तेथे योग्य ड्रायव्हर बसवणे हाच मार्ग.

मार्ग दुसरा : ‘एफ ६’ आणि फ्लॉपी

मायक्रोसॉफ्टने सेटअपमध्ये यासाठीच एक दार ठेवले आहे. उत्पादकाकडून ‘एफ ६’ प्रकारचा ड्रायव्हर घेऊन त्यातील सर्व फायली फ्लॉपीवर उतरवाव्यात. त्यांत ‘टीएक्सटीसेटअप डॉट ओईएम’ ही फाइल असलीच पाहिजे, कारण कोणता ड्रायव्हर कुठे आहे हे सेटअप तिच्यातूनच वाचतो. ती सामान्यतः फ्लॉपीच्या मुळाशीच असावी लागते, एखाद्या फोल्डरात दडलेली असल्यास सेटअपला सापडत नाही. पुढील क्रम असा :

१. सीडीवरून संगणक सुरू करावा. निळा पडदा येताच तळाशी ‘एफ ६’ दाबण्याची सूचना काही क्षणच दिसते. तेव्हाच कळ दाबावी. लगेच काहीही घडत नाही, त्यामुळे गोंधळू नये.

२. थोड्या वेळाने अतिरिक्त उपकरणाविषयी विचारणा होते. तेथे ‘एस’ दाबावे, फ्लॉपी घालावी आणि एंटर करावे.

३. कंट्रोलरची यादी येते. चौकट लहान असल्याने सर्व नावे एकदम दिसत नाहीत, बाणाच्या कळेने खाली जाऊन पाहावे. आपल्या कंट्रोलरशी तंतोतंत जुळणारे नावच निवडावे.

४. पुन्हा एंटर केल्यावर सेटअप पुढे सरकतो आणि डिस्क दिसू लागते.

५. फायली उतरवताना सेटअप फ्लॉपी पुन्हा मागतो. म्हणून ती लगेच काढू नये. पहिल्यांदा संगणक पुन्हा सुरू होईल, तेव्हा मात्र आठवणीने काढावी.

अडचण एवढीच, की हा सेटअप फ्लॉपीचा ‘ए’ ड्राइव्हच पाहतो. पेन ड्राइव्हवर फायली ठेवून सहसा उपयोग होत नाही. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह चालू शकतो, पण एक्सपीचा सेटअप त्यांतील मोजक्याच ड्राइव्हना ओळखतो.

मार्ग तिसरा : सीडीतच ड्रायव्हर

फ्लॉपी नसेल, तर ड्रायव्हर मिसळलेली नवी सीडी तयार करता येते. ‘एनलाइट’ हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी वापरले जाते. दुसऱ्या संगणकावर मूळ सीडीतील सर्व फायली एका फोल्डरात उतरवाव्यात. सीडी जुनी असेल, तर आधी सर्व्हिस पॅक ३ मिसळावा. पहिल्या एक्सपीत सुमारे १३७ जीबीपुढील डिस्क नीट न दिसण्याचीही मर्यादा होती, ती सर्व्हिस पॅक १ पासून दूर झाली.

मग ड्रायव्हरची ‘आयएनएफ’ फाइल दाखवल्यावर तो ‘टेक्स्टमोड’ ड्रायव्हर आहे की साधा ‘पीएनपी’, असे विचारले जाते. येथे ‘टेक्स्टमोड’च निवडावा. साधा प्रकार निवडल्यास ड्रायव्हर सेटअपच्या उत्तरार्धात, रंगीत खिडक्या आल्यानंतर उपयोगी पडतो. तोवर उशीर झालेला असतो, कारण डिस्क तर अगदी सुरुवातीलाच शोधली जाते. त्यानंतर आपला कंट्रोलर निवडून आयएसओ फाइल तयार करावी आणि कमी वेगाने सीडीवर लिहावी. या सॉफ्टवेअरने विंडोजचे अनेक भाग काढूनही टाकता येतात. तो मोह टाळावा, छपाईची किंवा फॉन्टची सेवा चुकून गेली तर मूळ उद्देशच फसतो.

एक्सपी आधीच बसवली असेल तर

एक्सपी आयडीई मोडमध्ये बसवली आणि पुढे बायोसमध्ये एकदम एएचसीआय निवडले, तर ‘७बी’चा निळा पडदा जवळपास ठरलेला. क्रम उलटा हवा : आधी ड्रायव्हर, मग बायोस. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सध्याच्या साटा कंट्रोलरवर ‘अपडेट ड्रायव्हर’ निवडून ‘हॅव डिस्क’मधून एएचसीआयचा ड्रायव्हर द्यावा लागतो. तो उपकरणाशी जुळत नाही, असा इशारा विंडोज देते, कारण त्या क्षणी कंट्रोलर आयडीईच्या वेषात असतो. इशारा स्वीकारून संगणक पुन्हा सुरू करताना थेट बायोसमध्ये जावे आणि मोड बदलावा. नाव चुकले तर निळा पडदा येतो. अशा वेळी मोड पूर्ववत करून ‘एफ ८’ दाबावे आणि ‘लास्ट नोन गुड’ हा पर्याय निवडावा.

व्हिस्टा व विंडोज ७ मध्ये ड्रायव्हर असतो, पण आयडीईमध्ये बसवलेल्या प्रणालीत तो निद्रिस्त असतो. मोड बदलण्यापूर्वी रजिस्ट्रीतील सर्व्हिसेस विभागात ‘एमएसएएचसीआय’ या नोंदीचे ‘स्टार्ट’ मूल्य ३ वरून ० करावे लागते. शून्य म्हणजे संगणक सुरू होतानाच ड्रायव्हर हजर असावा.

नव्या संगणकावर एक्सपी?

अलीकडच्या अनेक मदरबोर्डवर आयडीई मोड उरलेला नाही, आणि जुन्या बायोससारखी चालण्याची सोयही काहींतून गेली आहे. तेथे एक्सपी थेट बसवण्याचा हट्ट धरू नये. केवळ जुन्या फायली उघडायच्या असतील, तर व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये आभासी संगणक तयार करून त्यात एक्सपी बसवावी. गंमत अशी, की तेथेही आभासी डिस्क साटा कंट्रोलरला जोडली, तर ‘हार्ड डिस्क आढळली नाही’ हाच संदेश येतो. आयडीई कंट्रोलर निवडला, की प्रश्न मिटतो. यंत्राला जोडण्याचे खास कार्ड असेल, तर मात्र जुना संगणकच जपावा लागेल.

एक्सपी कुठेही बसवा, तिला इंटरनेटपासून दूर ठेवा. २०१४ नंतर तिच्या सुरक्षेतील त्रुटी नियमितपणे बुजवल्या जात नाहीत.

लक्षात ठेवा

* बायोसला डिस्क दिसते, विंडोजला दिसत नाही : संशय ड्रायव्हरवर घ्या.
* काहीही करण्यापूर्वी माहितीची प्रत काढा.
* बायोसमधील मूळ मोड कागदावर लिहून ठेवा.
* बसवलेल्या विंडोजमध्ये आधी ड्रायव्हर, नंतर मोड.
* ‘रेड’ संचाचा मोड बदलू नका.
* ‘डिस्क गेली’ असे कुणी सांगितले, तर ती दुसऱ्या संगणकाला जोडून पाहिल्याशिवाय फॉरमॅट करू नका आणि टाकूनही देऊ नका.