व्हिडिओ गेमचा प्रभाव आणि आज्ञावलीची उपलब्धता : ‘स्पेसवॉर’ ते ‘डूम’

प्रस्तावना

व्हिडिओ गेमच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने विक्रीच्या आकड्यांभोवती फिरत आलेले आहे. कोणत्या खेळाच्या किती प्रती खपल्या, कोणत्या कंपनीने किती उत्पन्न मिळविले, यावरून त्या खेळाचे ऐतिहासिक स्थान ठरविण्याची प्रथा रूढ झालेली दिसते. तथापि, लोकप्रियता आणि प्रभाव या दोन भिन्न गोष्टी होत. एखादा खेळ लक्षावधी लोकांनी खेळला आणि तो पुढील निर्मात्यांना काहीही न देता विस्मृतीत गेला, असे घडू शकते. उलट, ज्याची एकही प्रत विकली गेली नाही अशा खेळातून संपूर्ण व्यवसाय उभा राहिल्याचे उदाहरण या इतिहासाच्या आरंभीच आढळते. एका खेळातून दुसरा खेळ कसा जन्मला आणि पहिल्यातील कोणती गोष्ट दुसऱ्याच्या निर्मात्याच्या हाती प्रत्यक्ष पडली, या प्रश्नाच्या आधारे काही निवडक खेळांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

वारस नसलेला खेळ

ऑक्टोबर १९५८ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रज्ञ विल्यम हिगिनबॉथम यांनी अभ्यागतांच्या करमणुकीसाठी टेनिसचा एक खेळ तयार केला. अ‍ॅनालॉग संगणक आणि ऑसिलोस्कोपचा लहानसा गोल पडदा यांच्या साहाय्याने जाळीवरून उसळणारा चेंडू त्यात दिसत असे. तो पाहण्यासाठी लोकांनी रांगा लावल्या. पुढील वर्षी तो पुन्हा दाखविण्यात आला. त्यानंतर त्याचे भाग सुटे करून अन्य कामी लावले गेले. हिगिनबॉथम यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. कालक्रमाने पाहता हा खेळ अग्रस्थानी असला तरी त्याच्यापासून एकही खेळ निर्माण झाला नाही. पुढे पेटंटविषयक खटल्यांत हिगिनबॉथम यांची साक्ष काढली गेली, तेव्हा कोठे त्याचे नाव पुन्हा चर्चेत आले. कल्पना चांगली होती, प्रेक्षकही होते. नव्हता तो केवळ खेळ दुसऱ्याच्या हाती जाण्याचा मार्ग. सुटे भाग जोडून बनविलेले यंत्र प्रयोगशाळेच्या बाहेर जाऊ शकत नव्हते.

कागदी फितीवरील वारसा

चारच वर्षांनी, १९६२ मध्ये, मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत तयार झालेल्या ‘स्पेसवॉर’ची कथा याहून सर्वस्वी निराळी आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने आपला पीडीपी-१ हा संगणक संस्थेस दिला होता. संस्थेच्या रेल्वे-प्रतिकृती मंडळाशी संबंधित तरुणांनी त्या यंत्राची क्षमता पणाला लावील असे काहीतरी करून दाखविण्याचे ठरविले. दोन अंतराळयानांच्या द्वंद्वाची कल्पना स्टीव्ह रसेल, मार्टिन ग्रेट्झ आणि वेन विटानेन यांच्या चर्चेतून पुढे आली आणि लेखनाचे मुख्य काम रसेल यांच्याकडे आले. रसेल मात्र चालढकल करीत राहिले. साइन व कोसाइन काढण्याची उपआज्ञावली आपल्याजवळ नाही, अशी सबब त्यांनी सांगितली. तेव्हा अ‍ॅलन कोटोक यांनी कंपनीकडे जाऊन ती आणून त्यांच्यापुढे ठेवली. सबब संपली आणि खेळ लिहिला गेला.

हा प्रसंग गमतीचा म्हणून नेहमी सांगितला जातो; पण त्यातील मर्म वेगळे आहे. ‘स्पेसवॉर’ प्रथमपासूनच इतरांच्या तयार भागांवर उभा होता आणि इतरांनी भर घालावी यासाठी खुला होता. पीटर सॅम्सन यांना रसेल यांनी काढलेले यादृच्छिक तारे पसंत पडले नाहीत, म्हणून त्यांनी खऱ्या आकाशातील तारकासमूह दाखविणारी आज्ञावली जोडली. डॅन एडवर्ड्‌स यांनी मध्यभागी सूर्य व त्याचे गुरुत्वाकर्षण आणले. संकटात सापडलेल्या खेळाडूला क्षणात अदृश्य होऊन पडद्यावर अन्यत्र प्रकट होण्याची ‘हायपरस्पेस’ ही सोय ग्रेट्झ यांची. एका हाताची निर्मिती म्हणून या खेळाकडे पाहताच येत नाही.

या आज्ञावलीवर कोणी मालकी सांगितली नाही. सुमारे १,२०,००० डॉलर किमतीच्या यंत्रावर चालणारा खेळ विकत घेणार तरी कोण, हा व्यवहारही त्यामागे होता. पीडीपी-१ ची अवघी ५३ यंत्रे बनली. परंतु कंपनीच्या तंत्रज्ञांनी हाच खेळ यंत्राच्या तपासणीसाठी वापरण्यास आरंभ केला आणि छिद्रित कागदी फितीवरून तो एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात पोहोचला. जेथे पोहोचला तेथे तो वाचला गेला, बदलला गेला आणि नव्या यंत्रांसाठी पुन्हा लिहिला गेला. ऑक्टोबर १९७२ मध्ये स्टॅनफर्ड येथील कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत त्याची स्पर्धाही भरली.

त्याच्या वंशविस्ताराची सुरुवात १९७१ मध्ये झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात बिल पिट्स आणि ह्यू टक यांनी नाणे टाकून खेळण्याचा ‘गॅलक्सी गेम’ बसविला; त्यात खराखुरा लघुसंगणक होता आणि म्हणूनच तो कधीही फायद्यात येणे शक्य नव्हते. त्याच वर्षी नोलन बुशनेल आणि टेड डॅब्नी यांनी ‘कॉम्प्युटर स्पेस’ बाजारात आणला. त्यांनी संगणकच वगळला. ‘स्पेसवॉर’मधील वागणूक त्यांनी साध्या तर्कमंडलांतून साधली आणि दूरदर्शन संचाच्या पडद्यावर दाखविली. गुरुत्वाकर्षण गेले, दुसरा खेळाडूही गेला; जडत्वाने वाहत जाणारे, वळविता येणारे यान मात्र राहिले. या यंत्राला माफकच यश लाभले. पण याच दोघांनी १९७२ मध्ये ‘अटारी’ ही कंपनी स्थापन केली आणि १९७९ मध्ये त्याच कंपनीच्या ‘अ‍ॅस्टरॉइड्स’ने जडत्व, वळण आणि ‘हायपरस्पेस’ या तिन्ही गोष्टी पुन्हा पडद्यावर आणल्या. विद्यापीठातील एका मंडळाची कल्पना सतरा वर्षांनी जवळजवळ जशीच्या तशी सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी उभी होती.

याच काळातील टेनिसचा दुसरा वंश न्यायालयात घडला. सँडर्स असोसिएट्स या कंपनीतील अभियंते राल्फ बेअर यांनी घरगुती खेळयंत्राची रचना करून तिचे पेटंट घेतले. तिच्यावरून मॅग्नाव्हॉक्स कंपनीने १९७२ मध्ये ‘ओडिसी’ हे यंत्र विकले. बुशनेल यांनी त्याचे प्रात्यक्षिक पाहिले होते आणि उपस्थितांच्या नोंदवहीत त्यांची स्वाक्षरी होती. त्यानंतर अ‍ॅलन अल्कॉर्न यांनी अटारीसाठी ‘पाँग’ तयार केला. मॅग्नाव्हॉक्सने १९७४ मध्ये दावा दाखल केला. अटारीने १९७६ मध्ये तडजोड करून परवाना घेतला आणि १९७७ मध्ये शिकागो येथील न्यायाधीश जॉन ग्रेडी यांनी बेअर यांचे पेटंट या क्षेत्रातील पायाभूत असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर चेंडू-फळीचे खेळ बनविणाऱ्यांना परवानाशुल्क मोजणे भाग पडले. ‘पाँग’च्या नकला अमाप झाल्या, पण त्यांतून निघालेल्या नव्या कल्पना तुलनेने थोड्या. याचा सर्व दोष पेटंटांवर टाकणे अन्यायाचे होईल. खेळच इतका साधा होता की, नक्कल करणाऱ्याला शिकण्यासारखे त्यात फारसे उरत नव्हते.

दार बंद असताना : ‘रोग’ची उदाहरणे

आज्ञावली उपलब्ध नसेल तर प्रभाव पडतच नाही, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा बंद कार्ट्रिजमधील खेळ होता. तरी डावीकडून उजवीकडे उड्या मारीत जाण्याची त्याची रीत पडद्यावर पाहूनच शेकडो निर्मात्यांनी आत्मसात केली. जे डोळ्यांना दिसते ते उचलता येते. अमेरिकेतील कॉपीराइट कायदाही कल्पनेला नव्हे तर अभिव्यक्तीला संरक्षण देतो. अर्थात ही सीमारेषा धूसर आहे. ‘पॅक-मॅन’शी फार साधर्म्य असलेल्या ‘के. सी. मंचकिन’ या खेळाची विक्री १९८२ मध्ये न्यायालयाने थांबविली, तेव्हा ती अनेकांच्या लक्षात आली.

या दृष्टीने ‘रोग’ हा खेळ अधिक बोधक ठरतो. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठातील मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी तो रचला. केन आर्नल्ड पुढे त्यात सामील झाले. त्यात चित्रे नव्हती. खेळाडू म्हणजे आज ई-मेलच्या पत्त्यात येणारे ‘अ‍ॅट’चे चिन्ह, आणि राक्षस म्हणजे रोमन लिपीतील मोठी अक्षरे. प्रत्येक वेळी भुयाराची रचना नव्याने होई आणि मृत्यू आला की सारे आरंभापासून. बर्कली येथील युनिक्स प्रणालीच्या वितरणासोबत हा खेळ १९८३ मध्ये दूरवर गेला. परंतु त्याचा सोर्स कोड सोबत दिलेला नव्हता.

परिणाम लक्षणीय झाला. जे फेन्लासन या शालेय विद्यार्थ्याला व त्याच्या मित्रांना ‘रोग’ आवडला, पण कोड मिळाला नाही. म्हणून त्यांनी ‘हॅक’ स्वतः लिहिला. ओक्लाहोमा विद्यापीठातील रॉबर्ट कोनेके यांच्या नव्या यंत्रावर ‘रोग’ चालत नव्हता. म्हणून त्यांनी ‘मोरिया’ लिहिला. दोघांनीही स्मरणातून पुनर्रचना केली आणि त्या ओघात मूळ खेळापासून दूर गेले. मात्र या दोन्ही खेळांचा कोड पुढे मोकळेपणाने फिरला. ‘हॅक’मधून १९८७ मध्ये ‘नेटहॅक’ आणि ‘मोरिया’मधून ‘अँगबँड’ निघाला. डेव्हिड ब्रेव्हिक यांनी या दुसऱ्या परंपरेतून प्रेरणा घेतली आणि १९९६-९७ च्या संधिकाळात ‘डायब्लो’ हा खेळ आला. म्हणजे बंद दाराने प्रभाव रोखला नाही, त्याला वळण दिले. पुढचा विस्तार मात्र उघड्या दारांतूनच झाला. ‘रोग’चे नाव आज खेळांच्या एका संपूर्ण प्रकाराला लागलेले आहे, आणि त्या प्रकारातील बहुतेक खेळाडूंनी मूळ खेळ पाहिलेलाही नसतो.

‘डूम’ : हेतुपुरस्सर उघडलेले दार

१० डिसेंबर १९९३ रोजी टेक्सासमधील ‘इड सॉफ्टवेअर’ या लहानशा कंपनीने ‘डूम’ हा खेळ विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर ठेवला. पहिला भाग शेअरवेअर म्हणून विनामूल्य आणि उर्वरित भाग पैसे भरून, अशी त्याची विक्रीपद्धती होती. त्याचा त्रिमितीचा आभास देणारा वेग, आणि काहींना खटकलेली हिंसाचाराची उघड चित्रणे, यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे महत्त्वाचा आहे तो जॉन कारमॅक यांचा एक रचनात्मक निर्णय. कंपनीच्या आधीच्या ‘वुल्फेन्स्टाइन थ्री-डी’ या खेळात हौशी मंडळी मूळ फाइलींवरच आपली चित्रे चढवीत असत. कारमॅक यांनी त्यांना अटकाव करण्याऐवजी ‘डूम’चे इंजिन आणि त्याची सामग्री, म्हणजे नकाशे, चित्रे व ध्वनी, वेगळी केली. ‘वॅड’ नावाची नवी फाइल जोडली की मूळ खेळाला धक्का न लागता नवा खेळ तयार होई.

काही महिन्यांतच बेल्जियम व न्यूझीलंड येथील हौशी मंडळींनी नकाशे बनविण्याचे साधन तयार करून इंटरनेटवर वाटले. डिसेंबर १९९७ मध्ये कंपनीने ‘डूम’चा सोर्स कोड खुला केला आणि १९९९ मध्ये तो जीपीएल परवान्याखाली आणला. कारमॅक स्वतःही असेच ऋणाईत होते. कोणती भिंत आधी रेखाटायची हे ठरविण्याची ‘डूम’मधील पद्धत फुक्स, केडेम व नेलर यांच्या १९८० च्या शोधनिबंधातून आलेली आहे. विद्यापीठातील संशोधन कोणाच्या उपयोगी पडेल हे संशोधकाला ठाऊक नसते, याचे हे एक चांगले उदाहरण होय.

पुढील साखळी स्पष्टपणे दाखविता येते. याच कंपनीच्या १९९६ च्या ‘क्वेक’चे इंजिन परवान्याने घेऊन व्हॉल्व्ह कंपनीने १९९८ मध्ये ‘हाफ-लाइफ’ केला. त्यात फेरफार करून मिन ली आणि जेस क्लिफ यांनी १९९९ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ सुरू केला; पुढच्याच वर्षी व्हॉल्व्हने तो स्वतः प्रकाशित केला. पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंत २००० च्या दशकात तरुण ज्या खेळासाठी तासाचे पैसे मोजीत, तो असा एका हौशी बदलातून आलेला होता. ‘वॉरक्राफ्ट ३’च्या २००२ मधील नकाशासाधनातून ‘डोटा’ आणि त्यातून २००९ चा ‘लीग ऑफ लेजंड्स’ हे दुसरे उदाहरण आहे. तेथे कोड खुला नव्हता, साधन खुले होते, आणि तेवढेही पुरले.

सद्यःस्थिती

अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार २०१० पूर्वी त्या देशात प्रकाशित झालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ आता अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. त्यांतील बहुतेकांच्या प्रती निदान संग्राहकांकडे तरी आहेत. त्यानंतरच्या खेळांची स्थिती अधिक बिकट आहे, कारण त्यांचा मोठा भाग कंपनीच्या सर्व्हरवरच असतो. युबिसॉफ्टचा २०१४ चा ‘द क्रू’ हा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद होताच विकत घेतलेल्यांनाही खेळता येईनासा झाला. अशा खेळाची फीत नाही, फाइल नाही आणि वाचता येण्याजोगा कोडही नाही. उद्याच्या विद्यार्थ्याला तो केवळ चित्रफितींतून पाहता येईल.

ब्रुकहेवनच्या टेनिसची गतही अशीच झाली होती. १९९७ मध्ये प्रयोगशाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तो नव्याने उभारावा लागला. ‘स्पेसवॉर’वर ती वेळ आली नाही. कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील संगणक इतिहास संग्रहालयात दुरुस्त केलेल्या पीडीपी-१ वर तो आजही चालवून दाखवितात.