बंजारा रौप्यालंकार

यवतमाळ जिल्ह्यातील बंजारा (लमाण) स्त्रिया परंपरेने वापरीत आलेले चांदीचे दागिने. पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी आणि महागाव या तालुक्यांत बंजाऱ्यांचे तांडे विपुल आहेत. नाकातील भुरियासारखे मोजके दागिने सोन्याचे असत. उरलेला साज बहुधा चांदीचा आणि ऐपत नसल्यास पितळेचा किंवा हलक्या धातूंचा असे.

बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून ते दूरवर पोहोचविणे, हा बंजाऱ्यांचा मूळ व्यवसाय. १६३२ मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला उत्तर हिंदुस्थानात भेटलेल्या एका तांड्यात सु. १४,००० बैल होते. सतत वाटचाल करणाऱ्या अशा समूहाला घर, शेत वा तळघर नसल्यामुळे त्याची शिल्लक स्त्रियांच्या अंगावर राही. हे दागिने वजनदार का, याचे उत्तर हौसेइतकेच या हिशेबातही आहे.

विवाहित स्त्रीची खूण म्हणजे घुगरी आणि टोपली. टोपली हा घुमटीच्या आकाराचा दागिना कानांपुढे केसांच्या बटांत गुंफतात. तिच्याखाली बारीक घुंगरांचे झुबके लोंबतात, ती घुगरी. ही जोडी विवाहाच्या वेळी अंगावर येते व वैधव्यात उतरविली जाते. वेणीत चोटला, गळ्यात हासली आणि रुपयांची माळ, पायांत वांकडी व कस, असा उरलेला साज होय. त्यात खडे जवळजवळ नसतात. रंगाची हौस कांचळी व फेटिया या वस्त्रांवरील भरतकाम, आरसे आणि कवड्या यांनी भागविली जाते.

भरतकाम बंजारा स्त्रियांच्या हातचे असले, तरी चांदीकाम कसबी सोनारांचे असे. बंजाऱ्यांत सुनार बंजारा नावाचा एक पोटसमूह असून त्याचा उल्लेख महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीतही आढळतो. तांडे स्थिरावल्यावर हे काम बरेचसे बाजारगावच्या सोनारांकडे गेले.

ब्रिटिश अमदानीतील रुपया एक तोळा वजनाचा आणि अकरा-द्वादशांश शुद्ध चांदीचा असे. त्यामुळे नाणे ओवले काय किंवा वितळवून हासली केली काय, मोल फारसे बदलत नसे. दागिना मोडून पुन्हा रुपया करता येई. १८९३ मध्ये सरकारने टाकसाळी खासगी चांदीला बंद केल्या आणि ही समता तुटली. रुपयाची किंमत कृत्रिमपणे टिकविण्यात आली, चांदी मात्र उतरत गेली. शतकाच्या अखेरीस रुपयातील चांदीचे बाजारमूल्य नाण्याच्या दर्शनी मूल्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश उरले होते. नेमक्या याच सुमारास १८९६–९७ आणि १८९९–१९०० चे दुष्काळ पडले. दुसऱ्याने तर वऱ्हाडाला विलक्षण ग्रासले. तत्पूर्वी १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचून बैलांवरील मालवाहतूक संपुष्टात येऊ लागली होती. धंदा बुडालेला असताना ठेवही घटली, हा आघात दागिन्यांच्या वर्णनात रमणाऱ्या ग्रंथांत सहसा नोंदलेला नाही. १९४० पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये तो निकेलचा झाला. तेव्हापासूनच्या नाण्यांच्या माळा केवळ शोभेच्या होत.

नाण्यातून दागिना घडविणारी दुसरी प्रसिद्ध जमात म्हणजे अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील नव्हाहो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांनी मेक्सिकन कारागिरांकडून चांदीकाम आत्मसात केले, अमेरिकन व मेक्सिकन नाणी वितळविली आणि १८८० च्या सुमारापासून चांदीत पिरोजा जडविण्यास आरंभ केला. त्यांचे दागिनेही व्यापाऱ्याकडे गहाण पडत. मात्र तेथे घडविणारा आणि लेणारा एकाच जमातीचे राहिले. आजचा नव्हाहो कारागीर स्वतःच्या नावाने काम विकतो आणि १९९० च्या कायद्याने नकली मालाला आळा घातला आहे.

यवतमाळकडे असे घडले नाही. जमीन, बैल, शिक्षण किंवा लग्न यांसाठी जुने दागिने तोलून विकले गेले. सोनाराने वजन पाहिले, घडण पाहिली नाही, आणि बहुतेक चांदी मुशीत गेली. काही नमुने शहरांतील जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडे पोहोचले. पुढील पिढ्यांतील स्त्रिया साडी नेसू लागल्या असून घुगरी-टोपली तीज, होळी व विवाह या प्रसंगी दिसते. तीही पुष्कळदा पांढऱ्या मिश्रधातूची असते.